ओसरीवरून : मायलेकी कीं बहिणी?

यंदाच्या दिवाळींत आमचे येथें जो वाद माजला, तो सोन्याच्या भावावरून नव्हे कीं राजकारणावरूनहि नव्हे. तो माजला आफ्रिका खंडांतील दोन भाषांवरून, आणि जाऊन थांबला आमच्या माजघराच्या उंबऱ्याशीं. 'ओसरीवरून' या सदराचे वाचक म्हाताऱ्या मास्तराच्या विषयांतरांस आतां सरावले आहेत. तेव्हां या खेपेस त्यांना जरा दूरवर नेलें तर ते रागावणार नाहींत, अशी आशा आहे.

आमचा एक भाचा जोहान्सबर्ग येथें एका कारखान्यांत नोकरीस आहे. भाऊबिजेस तो आला, आणि ओसरीवरील झोपाळ्यावर बसून तिकडच्या हकीकती सांगूं लागला. त्याच्या बिऱ्हाडीं स्वयंपाकास एक बाई आहे. ती झिंबाब्वे देशांतील बुलावायो शहराकडची. फाटकावरचा रखवालदार क्वाझुलू-नाताळ प्रांतांतला, जातिवंत झुलू. दोघें फावल्या वेळीं तासन् तास बोलत बसतात, आणि कोणाला कोणाचें बोलणें समजलें नाहीं असें कधीं होत नाहीं. एके दिवशीं रखवालदार हंसून म्हणाला, "बाई बोलते ती झुलूच, पण मोडकी." बाईनें हातांतलें भांडें खालीं ठेवलें व म्हणाली, "मी झुलू बोलतच नाहीं. माझी भाषा न्देबेले."

भाच्याचें मत रखवालदाराकडे झुकलेलें. तो म्हणाला, "मामा, बहुतेक शब्द तेच, व्याकरण तेंच. नांव तेवढें निराळें." मीहि सवयीनें मान डोलावली आणि म्हणालों, "म्हणजे अपभ्रंश म्हणावयाचा!"

इतक्यांत आमची धाकटी सून चहा घेऊन माजघराच्या दारांत आली होती. ती तेथूनच म्हणाली, "मामंजी, म्हणजे तो रखवालदार आपल्याच घरचा निघाला कीं!"

सगळे हंसले. मीहि हंसलों, पण तें बोलणें मला लागलें. सून वेंगुर्ल्याची. तिच्या माहेरचें बोलणें मालवणी. ती लग्न होऊन आली तेव्हां तिचें 'माका', 'तुका', 'खंय' ऐकून घरांतलीं मुलें फिदीफिदी हंसत, आणि वडील माणसें त्यांना दटावण्याऐवजीं स्वतःच गालांतल्या गालांत हंसत. पुढें तिची मुलगी बोलूं लागली, ती आईच्याच वळणानें. "माका नको," असें ती म्हणाली, कीं छत्तीस वर्षें शुद्धलेखनाच्या वह्या तपासलेला हा मनुष्य लगेच म्हणे, "माका नव्हे बाळ, मला." आतां नात सात वर्षांची आहे. 'माका' म्हणत नाहीं. आईशींहि नाहीं.

त्या रात्रीं मला नीट झोंप लागली नाहीं. दुसऱ्या दिवसापासून पुस्तकें धुंडाळूं लागलों. जें हातीं लागलें, तें येथें मांडतों.

सहाराच्या दक्षिणेस आफ्रिकेचा फार मोठा भाग व्यापणारें शेंकडों भाषांचें एक विशाल कुल आहे. त्यास 'बांटू' हें नांव विल्हेल्म ब्लेक या जर्मन पंडितानें एकोणिसाव्या शतकांत रूढ केलें. 'न्तु' म्हणजे माणूस. 'उमुन्तु' म्हणजे एक माणूस, 'अबान्तु' म्हणजे माणसें. त्यांतूनच तें कुलनाम निघालें. आपल्याकडे लिंगवचनाचा विकार शब्दाच्या शेपटाशीं होतो. या भाषांत तो मस्तकाशीं होतो. आपण 'चांगला मुलगा आला, चांगली मुलगी आली' असें म्हणतों, आणि एकच खूण विशेषण व क्रियापद यांच्या अंतीं फिरते. झुलूंत 'मोठीं माणसें चाललीं आहेत' याला 'अबान्तु अबाखुलु बायाहाम्बा' म्हणतात. प्रत्येक शब्दाच्या आरंभीं तो 'बा' कसा द्वारपालासारखा उभा आहे पाहा! कुत्रीं चाललीं असतील तर 'इझिन्जा एझिन्कुलु झियाहाम्बा'. येथें 'झि'चा पहारा. आपलीं लिंगें तीन. त्यांचे नामवर्ग डझनाहून अधिक. ज्यांना मराठीचें लिंगप्रकरण अवघड वाटतें अशा विद्यार्थ्यांनीं हें वाचून समाधान मानावें.

या कुलांतील एका शाखेस 'न्गुनी' म्हणतात. झोसा, झुलू, स्वाझी आणि न्देबेले या तिच्यांतील प्रमुख भाषा. झुलू त्यांत संख्येनें थोर : दक्षिण आफ्रिकेच्या २०११ च्या जनगणनेंत ती घरची भाषा म्हणून सांगणारे सुमारें १ कोटि १६ लक्ष लोक होते. रखवालदाराच्या बोलण्यांत तोरा होता, तो उगाच नव्हे.

आतां न्देबेलेंची गोष्ट. तिचा आरंभ गाईंपासून होतो, हें आपल्या वाचकांस आवडेल. १८१६ च्या सुमारास शाका हा झुलू नांवाच्या एका लहानशा कुळाचा नायक झाला, आणि बारा वर्षांत त्यानें आसपासचीं कुळें जिंकून एक बलाढ्य राज्य उभें केलें. त्या जिंकलेल्या वा शरण आलेल्या कुळांत खुमालो हें एक होतें. त्याचा तरुण नायक म्झिलिकाझी. हा शाकाच्या प्रबळ वैऱ्याचा, न्द्वान्द्वे लोकांचा राजा झ्विदे याचा, मुलीकडून नातू. तरीहि त्यानें शाकाची चाकरी पत्करली. १८२२ च्या सुमारास शाकानें त्याला एका स्वारीवर धाडलें. स्वारींत पुष्कळ गुरें हातीं लागलीं. तीं राजाकडे पोंचतीं करावयाचीं, हा नियम. म्झिलिकाझीनें तीं स्वतःजवळच ठेवलीं. शाकासारख्या राजापुढें याचा अर्थ एकच होता. कांहीं शें माणसें बरोबर घेऊन तो ड्राकेन्सबर्गचे डोंगर ओलांडून पश्चिमेच्या पठारावर उतरला.

तेथें सोथो व त्स्वाना भाषा बोलणारे लोक राहात. म्झिलिकाझीनें त्यांतील कित्येकांना लुटलें, कित्येकांना आपल्यांत घेतलें. पूर्वेकडून येणाऱ्या अशा परक्या न्गुनींना सोथो लोक 'मातबेले' म्हणत. तेंच नांव न्गुनी जिभेवर वळून 'अमान्देबेले' झालें आणि त्या लोकांनीं तें स्वतःचें म्हणून घेतलें. शेजाऱ्यांनीं ठेवलेलें नांव अंगास चिकटावें आणि पुढें त्याचाच अभिमान वाटावा, हा प्रकार आडनांवांच्या बाबतींत आपल्याकडेहि थोडा नाहीं.

त्या पठारावर ते चवदा-पंधरा वर्षें राहिले. रॉबर्ट मॉफट हा स्कॉटिश धर्मोपदेशक १८२९ मध्यें म्झिलिकाझीस प्रथम भेटला. पुढें दोघांचा असा स्नेह जमला कीं, त्या स्नेहाच्या बळावरच १८५९ मध्यें इन्याती येथें न्देबेले मुलखांतलें पहिलें मिशन-ठाणें निघूं शकलें. पण मध्यंतरीं १८३७ सालीं डच वंशाच्या बोअर लोकांनीं बंदुका व घोडे यांच्या जोरावर म्झिलिकाझीस पठारावरून हुसकून लावलें. तो लिम्पोपो नदी ओलांडून उत्तरेस गेला आणि १८४० च्या सुमारास, आज ज्यास माताबेलेलॅंड म्हणतात, त्या प्रदेशीं स्थिरावला. तेथें कलंगा, रोझ्वी वगैरे जुने रहिवासी होते. तेहि हळूहळू त्या राज्यांत मिसळले. १८६८ मध्यें म्झिलिकाझी वारला. त्याचा मुलगा लोबेन्गुला गादीवर आला, आणि त्यानें आपल्या राजधानीस नांव दिलें बुलावायो. शाकाच्या राजधानीचें नांवहि तेंच होतें! बाप ज्याच्या भयानें पळाला, त्याच्याच राजधानीचें नांव मुलानें आपल्या गांवास द्यावें, यांत माहेरची ओढ आहे कीं बरोबरीची ईर्षा, हें ज्याचें त्यानें ठरवावें. १८९३ मध्यें ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीनें तें राज्य बुडविलें.

हा इतिहास इतक्या विस्तारानें सांगण्याचें कारण, त्यांतील साल. म्झिलिकाझी निघाला १८२२ च्या सुमारास. शाकाचें राज्य उभें राहून तेव्हां पुरीं सात वर्षेंहि झालीं नव्हतीं. आज ज्या अर्थानें आपण 'झुलू भाषा' म्हणतों, शब्दकोश, बायबल, शाळा, वृत्तपत्रें असलेली प्रमाण भाषा, ती त्या वेळीं अस्तित्वांतच नव्हती. झुलू हें एका कुळाचें नांव होतें, खुमालो हें दुसऱ्या. दोन्ही कुळें त्या डोंगर-समुद्रामधल्या पट्टींत एकमेकांस समजेल असें बोलत होतीं. एका कुळाचें राज्य झालें, म्हणून त्याच्या नांवाची भाषा झाली. दुसरें कुळ देशोधडीस लागलें, म्हणून त्याची 'मोडकी' ठरली. दैवाचें पारडें उलट झुकतें तर रखवालदाराचें बोलणें हें मोडकें खुमालो म्हणून गणलें गेलें असतें.

एवढें ध्यानांत आल्यावर मी माझा 'अपभ्रंश' शब्द परत घेतला. मूळ शब्द आधीं असावा आणि तो बिघडून दुसरा व्हावा, तेव्हां अपभ्रंश म्हणावयाचें. एका खोडास एकाच वेळीं फुटलेल्या दोन फांद्यांपैकीं एक दुसरीचा अपभ्रंश कशी होणार? शिवाय हा शब्द वापरण्याचा अधिकार आम्हां मराठी माणसांस थोडाच आहे! महाभाष्यकार पतंजलींनीं 'गौः' या शब्दाचे अपभ्रंश म्हणून 'गावी', 'गोणी' वगैरे रूपें नोंदविलीं आहेत. आपण रोज सकाळीं जिला नैवेद्य घालतों ती 'गाय' त्याच रांगेंत उभी आहे.

मग दोहोंत फरक तरी कोणता? रखवालदारानें मोडकेपणा कशांत पाहिला? भाच्यानें टिपून आणलेल्या शब्दांत मला एक मौज आढळली. पुष्कळांना मिळून नमस्कार करावयाचा तर झुलू म्हणतो 'सानिबोनानि'. न्देबेले म्हणते 'सालिबोनानि'. 'तुम्ही कसे आहांत?' याला झुलूंत 'निन्जानि', न्देबेलेंत 'लिन्जानि'. 'आई आणि बाबा' हें झुलूंत 'उमामा नोबाबा', न्देबेलेंत 'उमामा लोबाबा'. म्हणजे 'तुम्ही' या अर्थाचा 'नि' आणि 'आणि' या अर्थाचा 'ना', दोन्ही ठिकाणीं न्देबेलेनें 'न' सोडून 'ल' धरला आहे. (येथें एक सूचना. 'बाबा' शब्द पाहून कोणी उत्साही वाचक झुलू ही संस्कृतोत्पन्न असल्याचें पत्र मला पाठवील. कृपया पाठवूं नये. लहान मुलाच्या तोंडीं प्रथम जे ओष्ठ्य वर्ण येतात, त्यांतून आईबापांचीं नांवें जगांत ठिकठिकाणीं स्वतंत्रपणें झालीं आहेत.)

न आणि ल यांची अदलाबदल आपणांस नवी नाहीं. 'नवनीत' याचें आपण 'लोणी' केलें, आणि 'लाङ्गल' याचा 'नांगर'. एकदां न चा ल, एकदां ल चा न. आणि तरीहि आपल्या लोण्यास कोणी मोडकें नवनीत म्हणत नाहीं. न्देबेलेंतील 'ल' मात्र नुसत्या जिभेच्या चाळ्यानें आलेला दिसत नाहीं. सोथो भाषेंत 'आणि' याला 'ले' म्हणतात व 'तुम्ही' या अर्थींहि क्रियापदामागें 'ले'च येतो. ज्या पठारावर म्झिलिकाझीचे लोक चवदा-पंधरा वर्षें राहिले, तेथली ही भाषा. मूळ निघाले ते कांहीं शें, त्यांत लढवय्ये पुरुष फार. पठारावरून उत्तरेस गेला तो मोठा जनसमूह. त्यांतल्या कितीतरी घरांतील स्त्रिया सोथो-त्स्वाना. त्या सुनांनीं सासरची भाषा शिकली, मुलांना शिकविली, आणि शिकवितांना माहेरचे दोन 'ले' तींत ठेवून दिले, असें मानण्यास पुष्कळ जागा आहे.

दुसरें उदाहरण पुस्तकाचें. झुलूंत पुस्तकास 'इन्क्वादि' असा शब्द आहे. त्यांतील 'क्वा'चा खरा उच्चार आपल्या लिपींत मावत नाहीं. न्देबेलेंत पुस्तकास म्हणतात 'उग्वालो'. हा सरळ त्स्वाना भाषेंतील 'लोक्वालो'चा भाऊ. यांत नवल नाहीं. लिहिणें-वाचणें त्या लोकांनीं प्रथम पाहिलें तें त्स्वाना मुलखांतून आलेल्या मॉफटसारख्यांजवळ. मॉफटनें १८५७ मध्यें कुरुमान येथें त्स्वाना बायबल पुरें केलें होतें. वस्तु ज्याच्या हातून आली, त्याचाच शब्द आला. आणि कांहीं ठिकाणीं तर न्देबेलेच झुलूहून जुनें वळण राखून आहे : 'दगड' याला झुलू म्हणतो 'इत्शे', न्देबेले म्हणते 'इलित्शे', 'देश' याला झुलू 'इझ्वे', न्देबेले 'इलिझ्वे'. तो मधला 'लि' मूळचा. झुलूनें तो गिळला. मोडकें कोणाचें, हें रखवालदारास आतां कोणी विचारावें!

वर 'मावत नाहीं' म्हटलें, त्याचा खुलासा केला पाहिजे. पाणिनीय परंपरेंत वर्णांचीं स्थानें सांगितलीं आहेत : कंठ, तालु, मूर्धा, दंत, ओष्ठ. हे सर्व वर्ण बाहेर पडणाऱ्या श्वासावर उभे असतात. न्गुनी भाषांत मात्र असे कांहीं वर्ण आहेत, जे जीभ टाळूस किंवा दांतांस चिकटवून, आंतल्या आंत ओढून, एकदम सोडल्यानें होतात. ते रोमन लिपींतील सी, क्यू व एक्स् या अक्षरांनीं दाखवितात. सीचा वर्ण म्हणजे आपण हळहळून 'च्च् च्च्' करतों तो; एक्स्चा, गाडीवान बैलांना हांकतांना गालाच्या कडेनें काढतो तो; क्यूचा, बाटलीचें बूच उडाल्यासारखा. हे आवाज आपण नित्य काढतों, परंतु ते आपल्या वर्णमालेंत बसत नाहींत. त्यांच्या भाषेंत अंड्याच्या नांवांत क्यू आहे, आणि बेडकाच्या नांवांत एक्स् दोनदां येतो. नातीस हें सांगितल्यावर दोन दिवस घरांत बेडकांशिवाय दुसरें कांहीं ऐकूं येत नव्हतें.

हे वर्ण न्गुनींचे मूळचे नव्हेत. त्यांच्या आधीं त्या भूमींत राहणाऱ्या खोइ व सान लोकांच्या भाषांतून ते आले. ते इतके खोलवर कसे रुजले, याविषयीं कांहीं पंडितांनीं दिलेलें कारण आमच्या वाचकभगिनींस विशेष रुचेल. झुलू व न्देबेले घरांत 'ह्लोनिफा' नांवाचा रिवाज आहे. सुनेनें सासऱ्याचें नांव घ्यावयाचें नाहीं. इतकेंच नव्हे, त्या नांवांतील अक्षरें ज्यांत असतील असे इतर शब्दहि उच्चारावयाचे नाहींत. मग तिनें करावें काय? एखादा वर्ण बदलावा, किंवा परभाषेंतील शब्द उचलावा. अशा पिढ्यान् पिढ्यांच्या सुनांनीं, नांव टाळतां टाळतां, शेजारच्या भाषेंतील ते ओढीव वर्ण आपल्या घरांत आणले, असें हें मत आहे. आमच्या आजीच्या सासऱ्यांचें नांव हरिपंत. तिनें जन्मभर हरभऱ्यास 'चणे' म्हटलें, आणि आम्हां नातवंडांच्या तोंडीं अजूनहि चणेच आहेत. तिच्या त्या एका संकोचानें आमच्या घराचा शब्दकोश बदलला! म्हणजे वैयाकरण ज्यास भाषेचें बिघडणें म्हणतात, तें पुष्कळदां स्वयंपाकघरांत झालेलें असतें, आणि तें मर्यादेपोटीं झालेलें असतें.

एक घोटाळा येथेंच काढून टाकतों. दक्षिण आफ्रिकेंतहि 'न्देबेले' नांवाचे लोक आहेत. भिंतींवर भडक रंगांचीं भौमितिक चित्रें काढणाऱ्या त्यांच्या स्त्रिया जगप्रसिद्ध आहेत. ते म्झिलिकाझीचे नव्हेत. ते शाकाच्या कितीतरी पिढ्या आधीं समुद्राकडून पठारावर आलेले. त्यांची भाषा हीहि न्गुनी, पण झुलूपासून अधिक दूर. २०११ मध्यें ती बोलणारे सुमारें ११ लक्ष होते, आणि त्या देशाच्या राज्यघटनेंत ती अधिकृत भाषा आहे. नांव एक असूनहि बुलावायोची न्देबेले या तिच्या नांवबहिणीपेक्षां झुलूस जवळ आहे.

तर आतां मूळ वादाकडे. न्देबेले मुलांस विसाव्या शतकाचा बराच काळ शाळेंत झुलू पुस्तकांवरच शिकावें लागलें. झुलू बायबल १८८३ मध्येंच पुरें झालें होतें. संपूर्ण न्देबेले बायबल निघावयास १९७८ उजाडलें. मधल्या काळांत देवळांत वाचलें जाई तें बहुधा झुलू. घरीं 'सालिबोनानि' म्हणणाऱ्या मुलाच्या वहींत ज्या पुस्तकाच्या आधारें चूक काढली जात असेल, तें पुस्तक 'सानिबोनानि' म्हणणारें. तसलीं लाल शाईचीं वर्तुळें मी स्वतः पुष्कळ काढलीं आहेत. त्यामुळें तीं मला डोळ्यांपुढें दिसतात.

न्देबेलेंतील पहिली छापील कादंबरी १९५६ मध्यें निघाली. विषय म्झिलिकाझीच्या लोकांचाच. आणि लेखक न्दाबानिंगी सिथोले, जो पुढें देशाच्या स्वातंत्र्यलढ्यांत पुढारी म्हणून गाजला. त्याचें घराणें न्दाऊ, म्हणजे मुळांत न्देबेले नव्हेच! भाषा कोणाची, तर जो तींत लिहील त्याची. न्देबेलेचा न्देबेलेंतच अर्थ सांगणारा मोठा शब्दकोश २००१ सालीं प्रसिद्ध झाला, आणि २०१३ च्या झिंबाब्वेच्या राज्यघटनेनें मान्य केलेल्या सोळा भाषांत तिचें नांव आहे.

पण भाषेचें नांव हें नुसतें कोशांतलें प्रकरण राहात नाहीं. १९८० मध्यें झिंबाब्वे स्वतंत्र झाला. बहुसंख्य शोना भाषिक. १९८३ ते १९८७ या काळांत सरकारी फौजेच्या पांचव्या ब्रिगेडनें माताबेलेलॅंडांत हजारों लोक मारले. गांवकऱ्यांना जमवून शोना भाषेंतील गाणीं म्हणावयास लावीत, अशा साक्षी १९९७ च्या चौकशी-अहवालांत नोंदल्या आहेत. डिसेंबर १९८७ मध्यें दोन पक्षांत समेट झाला. पुढें देशाची आर्थिक स्थिति ढासळली आणि लक्षावधि लोक पोटासाठीं दक्षिण आफ्रिकेंत गेले. भाच्याकडची बाई त्यांतलीच. तेथें मे २००८ मध्यें परकीयांविरुद्ध दंगे उसळले. ६२ माणसें मेलीं, त्यांतलीं २१ त्याच देशाचीं होतीं. दंगेखोर रस्त्यांत माणसास अडवीत, कोपराकडे बोट दाखवीत आणि विचारीत, "याला झुलूंत काय म्हणतात?" उत्तर 'इन्दोलोल्वाने'. ज्यास तें आलें नाहीं, तो परका. ज्या मोठ्या बहिणीनें हिला मोडकी म्हटलें, तिच्याशीं असलेलें साम्यच त्या दिवसांत न्देबेले माणसाचें कवच, आणि 'नि'च्या जागीं निसटलेला एक 'लि' घात करणारा. भाच्यानें बाईस त्याविषयीं विचारलें होतें. ती एवढेंच म्हणाली, कीं त्या महिन्यांत आम्ही बसमध्यें बोलतच नसूं.

माझा निर्णय वाचकांस आतां कळलाच असेल. मायलेकी नव्हेत, बहिणी आहेत. आणि धाकटीनें आपलें स्वतंत्र बिऱ्हाड केलें, तें मोठीस न विचारतां. दोघींचें बोलणें एकमेकींस समजतें, म्हणून दुसरीचें घर नाहींसें होत नाहीं. आपल्याकडे कोंकणीच्या बाबतींत हाच वाद किती वर्षें चालला, तें जुन्या वाचकांस ठाऊक आहे. साहित्य अकादमीनें १९७५ मध्यें कोंकणीस स्वतंत्र साहित्यभाषा मानलें, १९८७ मध्यें ती गोव्याची राजभाषा झाली, आणि १९९२ मध्यें घटनेच्या आठव्या परिशिष्टांत गेली. मी त्या काळीं दुसऱ्या पक्षाचा होतों. 'मराठीचीच बोली' असें ठांसून सांगत असें, आणि त्यांत आपण मराठीचा गौरव करतों असें मला वाटे. मालवणीस कोंकणी म्हणावें कीं मराठी, हा वाद पंडितांनीं खुशाल चालू ठेवावा. आमच्या घरांत ती हंसण्यावारी गेली, ही गोष्ट त्या निकालावर अवलंबून नव्हती.

भाचा परत जावयास निघाला, तेव्हां सुनेनें बाईसाठीं चकल्यांचा डबा दिला. मी सुनेस म्हणालों, "मुलीशीं तूं आपल्या माहेरचें बोलत जा." ती म्हणाली, "मामंजी, आतां तिला लाज वाटते." यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतें. ती लाज शिकविणारा मास्तर मीच.

परवां दुपारीं मी ओसरीवर पडलों होतों. नातीस म्झिलिकाझीच्या गाईंची गोष्ट आदल्या रात्रीं सांगितली होती. ती तिनें माजघरांत आईस पुन्हां सांगितली, बेडकाच्या आवाजासकट. मग जरा वेळ कांहीं ऐकूं आलें नाहीं. नंतर डब्याचें झांकण वाजलें, आणि ती हळूच म्हणाली, "आई, माका आणखी एक करंजी."

सवयीनें माझें तोंड उघडलें होतें. जवळ अडकित्ता होता. मी सुपारी कातरूं लागलों.